अंगणातील शोभेची झाडे : कोणती लावावी, कोणती टाळावी



मृग तोंडावर आला की गट कार्यालयात बेण्याच्या चौकशीबरोबर आणखी एक चौकशी सुरू होते. घर नवीन बांधले, पुढे मोकळे अंगण आहे, शोभेचे काय लावावे? हा विषय तसा ऊस विकास विभागाचा नव्हे. परंतु अंगणातले झाड अंगणातच राहते असे नाही. त्याचा भुर्दंड वावराला, बोडीला आणि कोठ्यातल्या जनावराला बसू शकतो. म्हणून काय लावावे याच्या आधी काय लावू नये ते सांगतो.

बेशरम सर्वांनाच ठाऊक आहे. फिकट जांभळी, कर्ण्यासारखी फुले, कुंपणाला झटपट वाढ, पाणी नसले तरी चालते. मूळची ही अमेरिका खंडातील उष्ण भागातली. शोभेसाठी व कुंपणासाठी म्हणूनच ती आपल्याकडे आली. कांडीचा तुकडा ओल्या मातीत पडला की तो रुजलाच. छाटलेल्या फांद्या कोणी तलावाच्या काठी टाकतो आणि पाच-सात वर्षांत काठ दिसेनासा होतो. आपल्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या मामा तलावांची काय गत आहे ते पहावे. याच तलावांच्या पाण्यावर कोहळी समाजाने पिढ्यान्पिढ्या ऊस आणि धान पिकविला. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, देखरेख सैल पडली आणि गाळाबरोबर बेशरमनेही जागा धरली. बेशरम जिथे दाट होते तिथे गाळ अडतो, तलाव उथळ होतो, आणि उन्हाळ्यात उसाला शेवटच्या दोन पाळ्या कमी पडतात. शिवाय शेळीला तिची चटक लागली तर शेळी लटपटू लागते, खंगते व मरते.

काढायची असेल तर एप्रिल-मे मध्ये, तलाव आटल्यावर, मुळासकट काढावी आणि उंच कोरड्या जागी नेऊन पूर्ण वाळवावी. पावसाळ्यात तोडून पाण्यात सोडणे म्हणजे पेरणी करण्यासारखेच होय.

जलपर्णीचीही कथा तीच. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. पाणी सकस असले तर दोन आठवड्यांत दुप्पट होते. घरच्या हौदात फुलासाठी ठेवलेली जलपर्णी हौद धुताना नालीत जाते, नालीतून बोडीत. ती हौदातही ठेवू नये. कमळ किंवा कुमुद ठेवावे, दोन्ही आपलीच आहेत.

घाणेरी, जिला कोणी रायमुनिया म्हणतात, तीसुद्धा शोभेचे झुडूप म्हणून इंग्रजांच्या काळात कलकत्त्यात आली. पाखरे फळे खातात आणि बी जंगलभर टाकतात. तिच्याखाली गवत येत नाही, म्हणजे चराई कमी होते. जनावराने पाला खाल्ला तर कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते. वरवर तोडल्यास दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटे मूळ कापून झुडूप उलटे टाकावे म्हणजे पुन्हा धरत नाही.

आता कण्हेर. लाल, पांढरी, पिवळी, तिन्ही दिसायला सुरेख आणि तिन्ही विषारी. "गुरे तोंड लावत नाहीत म्हणूनच कुंपणाला लावली," असे पुष्कळजण सांगतात. हिरव्या पाल्याला लावत नाहीत हे खरे. पण पाला वाळला की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. तोडणीच्या दिवसांत वाढ्यांच्या पेंढ्या कुंपणाला टेकवून ठेवतात, छाटलेली पाने त्यात मिसळतात आणि बैल जातो. थोडी पानेही पुरतात. देवपूजेसाठी एखादे झाड हवेच असेल तर कोठ्यापासून दूर ठेवा, आणि पिवळीच्या बिया लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

मग लावावे काय? आपले भाग्य असे की जगातले लोक ज्यासाठी पैसे मोजतात ते आपल्या रानात उभे आहे. बहावा घ्या. एप्रिल-मे मध्ये, ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा तो पिवळ्या झुंबरांनी भरतो. बी टणक असते, तसेच टाकले तर महिनोन् महिने उगवत नाही. खरखरीत दगडावर थोडे घासून रात्रभर पाण्यात भिजवावे. पळस हा आपल्याला जळणाचा वाटतो, पण फाल्गुनात पाने नसताना केशरी फुललेला पळस अंगणाच्या कोपऱ्यात असावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे सोटमूळ खोल जाते, म्हणून रोप उपटून आणू नये. मे-जूनमध्ये शेंगा पिकतात, ताजे बी कायमच्या जागीच टोकावे. कांचन मध्यम उंचीचा, घराजवळ चालतो. ताम्हण हे आपले राज्यपुष्प. त्याला ओल लागते, म्हणून मोरीचे पाणी जाते तिथे लावावे. सीताअशोकाला दुपारचे ऊन सोसत नाही, पूर्वेची बाजू द्यावी. उंच सरळ शोभेचा जो अशोक म्हणून विकतात तो अशोक नव्हे, हे घेताना लक्षात असू द्या.

गुलमोहर मादागास्करचा. सावली लवकर देतो, पण मुळे वरवर आणि लाकूड ठिसूळ. वादळात कौलांवर पडतो. घरापासून किमान तीस फूट दूर.

उसाच्या धुऱ्यावर झाड लावायचे असल्यास उत्तरेच्या धुऱ्यावर लावावे. हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते, ती वावराबाहेर जाते. दक्षिणेला लावले तर तेवढ्या सऱ्यांतला ऊस बारीक राहील.

खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल, मे मध्ये खणून उन्हात तापवावा. पहिला चांगला पाऊस झाल्यावर माती, शेणखत आणि कुजलेला प्रेसमड भरून रोप लावावे. कारखान्यातून आणलेला ताजा प्रेसमड तसाच घालू नये, तो तापतो आणि मुळे जळतात. दोन-तीन महिने ढीग करून, पाणी मारून कुजवावा. उन्हाळ्यात आळ्यात उसाच्या पाचटाचे चार बोटे आच्छादन द्यावे, पाणी निम्म्याने वाचते. मात्र पाचट खोडाला चिकटू देऊ नये, एक वीत जागा सोडावी, नाही तर उधई सरळ खोडावर चढते.

फुलझाडांचे थोडक्यात. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात तोडावे, जानेवारीत छाटून खत द्यावे, मग पाणी सोडावे. मार्चपासून कळी धरते. कलमी गुलाबाच्या डोळ्याखालून जो फुटवा येतो तो रानटी असतो, दिसताच मुळापासून काढावा, नाही तर दोन वर्षांनी "गुलाब बिघडला" अशी तक्रार येते. बोगनवेलीला पाणी जास्त झाले की नुसता पाला येतो. जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण आला तर किडके शेंडे छाटून जाळावेत आणि निंबोळी अर्क साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावा. झेंडूचे बी जुलैच्या सुरुवातीला टाकून महिन्याने रोपे लावली तर दसऱ्याला तोरणापुरती फुले घरचीच होतात, आणि भाजीच्या वाफ्यात तो लावल्यास सूत्रकृमीही कमी होतात.

— ऊस विकास अधिकारी