पात्र आणि अपात्र

घाटावरच्या एका खेड्यातून एक भगिनी आमच्याकडे आल्या. जयभीम केला आणि पदराच्या गाठीतला कागद सोडून टेबलावर ठेवला. नवऱ्याने कीटकनाशक पिऊन जीव दिला होता. मदतीच्या अर्जावर निकाल आला होता : अपात्र. त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, मेलेला मानूस पात्र व्हाले काय करा लागते?"

नियम आम्हाला पाठ आहे. २००६ च्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये. तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. पण घरात सातबारा पाहिजे. नापिकी पाहिजे. कर्ज थकलेले पाहिजे, आणि तेही बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे. या भगिनींचा नवरा गायरानाचा तुकडा कसत होता. बियाणे दुकानातून उधार, पैसा बिनपरवान्याच्या सावकाराचा. म्हणजे कागदावर तो शेतकरी नव्हता आणि कर्जदारही नव्हता. समितीत बसलेल्या अधिकाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी नियम वाचला.

राजकारणात करुणा नसते असे आमचे कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते पुरते पटत नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात आमचा बुलढाणा होता. थकीत व्याज माफ झाले. पण ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही, त्याचे कुठले व्याज माफ होणार? राजकारणाची करुणा येते, सातबारा पाहून येते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी प्रज्ञा आणि शीलाच्या जोडीला करुणा ठेवली आणि करुणेच्याही पुढे मैत्री नेली. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की करुणेची दया होता कामा नये. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यांनी मदत मागितली नव्हती, जमीन मागितली होती.

त्या लढ्यांची पुण्याई म्हणा, १९९१ मध्ये शासनाने मागासवर्गीय भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. आम्ही या भगिनींना विचारले, जमीन केव्हापासून कसता? त्या म्हणाल्या, सासऱ्यापासून. सासऱ्याला अतिक्रमणाचा दंड झाला होता, १९८५ साली, त्याची पावती पेटीत आहे.

म्हणजे सरकारचीच पावती सांगते की ही जमीन या घराच्या वहिवाटीत होती. ती वेळेवर नावावर झाली असती, तर सातबारा असता. सोसायटीचे कर्ज मिळाले असते. सावकाराची पायरी चढावी लागली नसती. आणि एवढे होऊनही तो मेलाच असता, तर निदान पात्र ठरला असता.

इतकी वर्षे ही पावती पेटीत कशी राहिली? तहसीलला विचारू, जरूर विचारू. पण त्या गावात विहार आहे. तिथे आम्ही जयंतीला तीन वेळा भाषण केले, करुणेवरच केले असावे. गायरान कोण कसते, दंडाची पावती कोणाकडे आहे, हे एकदाही विचारले नाही.

सोमवारी त्या पावती घेऊन येणार आहेत. शेजारच्या चार घरांच्याही पेट्या उघडून पाहा, असे आम्ही त्यांना सांगितले आहे.