हवानाचे जुने चिरूट व त्यांचे संग्राहक

संग्रहाची हौस मनुष्यमात्रास उपजतच असते. कोणी जुनीं नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें, तर कोणी हस्तलिखित पोथ्या. परंतु उपयोग करतांच जिची राख होते, अशा वस्तूचाहि संग्रह करणारे लोक आहेत, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. क्यूबा बेटांतील जुन्या, आतां बंद पडलेल्या चिरुटांचे संग्राहक हे अशांपैकींच होत.

‘चिरूट’ हा शब्द मूळचा तामीळ. वस्तु मात्र अमेरिकेंतील. सन १४९२ मध्यें कोलंबसाच्या माणसांनीं क्यूबांतील मूळ रहिवाशांस तंबाखूचीं पानें गुंडाळून त्यांचा धूर घेतांना पाहिलें. बेटाच्या पश्चिमेस पिनार देल रिओ प्रांतांत होणारें पान सर्वोत्कृष्ट मानितात. हवाना शहरीं उपमन (१८४४) व पार्तागास (१८४५) हीं नामांकित घराणीं उदयास आलीं. कारागीर हातानें चिरूट वळीत असतां एक वाचक उंच आसनावर बसून त्यांस वर्तमानपत्रें व कादंबऱ्या वाचून दाखवी. ही चाल सन १८६५ पासूनची आहे.

मग हे चिरूट दुर्मिळ कां झाले? सन १९५९ मध्यें क्यूबांत राज्यक्रांति झाली व पुढच्याच वर्षीं नव्या सरकारनें तंबाखूचे कारखाने ताब्यांत घेतले. कित्येक मालक देशत्याग करून गेले. अनेक जुनीं नांवें कायमचीं लोपलीं. ता. ७ फेब्रुवारी १९६२ पासून अमेरिकेनें क्यूबाशीं व्यापार तोडला. त्या हुकुमावर सही करण्यापूर्वीं अध्यक्ष केनेडी यांनीं बाराशें उपमन चिरूट मिळवून घेतले, ही हकीकत त्यांचे वृत्तसचिव सॅलिंजर यांनींच पुढें सांगितली आहे.

दुसरें उदाहरण जिनिव्हाचे व्यापारी झिनो डेव्हिडॉफ यांचें. त्यांच्या नांवाचे चिरूट क्यूबांत वळले जात. मालाच्या प्रतीवरून बेबनाव झाला आणि सन १९८९ मध्यें त्या वृद्ध गृहस्थानें आपल्याच नांवाचे एक लाखाहून अधिक चिरूट जाळून टाकले. पुढें ते डोमिनिकन प्रजासत्ताकांत होऊं लागले. क्यूबांतील डेव्हिडॉफ संपला, आणि संपला म्हणूनच त्याला मोल चढलें.

हे चिरूट जतन करणें सोपें नव्हे. हवा कोरडी झाल्यास पान तडकतें, फार दमट झाल्यास बुरशी धरते. शिवाय तंबाखूचा किडा आंतून भोंकें पाडतो तो वेगळाच. म्हणून सुगंधी लाकडाच्या पेटींत शेंकडा सुमारें सत्तर आर्द्रता राखावी लागते. नीट राखल्यास पानांतील उग्रता वर्षानुवर्षें ओसरून स्वाद सौम्य होतो. नकली मालहि बाजारांत पुष्कळ. त्यामुळें जाणते लोक पेटीवरील सरकारी मोहोर व तळाचे शिक्के बारकाईनें पाहतात.

तंबाखू कर्करोगास कारण होते, हें आतां निर्विवाद सिद्ध झालेलें आहे. तेव्हां या छंदाची भलावण करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु त्यांत एक विचारणीय गोष्ट आहे. पोथी वाचली तरी ती उरते; चिरूट ओढला कीं संपला. भोगावा तर संग्रह गेला, राखावा तर भोग गेला, आणि दोन्ही टाळीत बसावें तर शेवटीं किडा आहेच! आपल्या घरांतील कपाटें व माळे एकवार उघडून पाहिल्यास, हा पेंच केवळ हवानाच्या शौकिनांपुरताच नाहीं, असें आपणांसहि आढळून येईल.