रडारला न दिसणारं वादळ आणि गच्चीवरचा माणूस

एप्रिल-मेमध्ये इंदूरला दुपारी तीन-चारच्या सुमारास पश्चिमेकडे काळं भरून आलं की लोक दोन कामं करतात. वाळत घातलेले पापड-कुरडया उचलतात आणि मोबाईल काढून व्हिडिओ घेतात. काही मोजके लोक मात्र वहीत वेळ लिहितात: वारा कुठून सुटला, पहिला थेंब कधी पडला, गार केवढी होती. वादळामागे गाडी पळवणारे अमेरिकन आपल्याला सिनेमातून माहीत आहेत. आपल्याकडे हा छंद गच्ची, वही आणि पर्जन्यमापक एवढ्यावर भागतो. त्याचा उपयोग काय, हे समजायला आधी भोपाळचं रडार समजून घ्यावं लागेल.

हवामान खात्याचं डॉप्लर रडार भोपाळला आहे. तिथून इंदूर सरळ रेषेत सुमारे १७० किलोमीटर. रडारचा किरण जमिनीला घासत जात नाही, थोडा वर झुकलेला असतो. त्यात पृथ्वी गोल. त्यामुळे इंदूरवर पोचेपर्यंत सर्वांत खालचा किरणसुद्धा जमिनीपासून साधारण तीन किलोमीटर उंच गेलेला असतो. म्हणजे ढगाचं पोट आणि डोकं दिसतं, पण पायाशी काय चाललंय ते नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं नवं संशोधन केंद्र सिहोर जिल्ह्यात सिलखेड्याला आहे, तिथेही रडार बसलं आहे. ते जवळ आहे खरं, पण इंदूरच्या रस्त्यावरचा वारा त्यालाही दिसणार नाही. अंतराचा हिशोब कुणाला चुकत नाही.

आणि माळव्यात उन्हाळी वादळाचा खरा मार याच तळाच्या थरात असतो. दुपारी जमीन चाळिशीच्या पुढे तापलेली, खालची हवा कोरडी. ढगातून पडणारा पाऊस आणि गारा या कोरड्या हवेतून येताना वाटेतच बऱ्याच आटतात. आटताना हवा थंड होते, थंड हवा जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटली की चारी बाजूंना पसरते. म्हणून आधी गार वाऱ्याचा झोत येतो, मग धूळ, मग पाऊस. कधी पाऊस येतच नाही, चार थेंब पडतात आणि झाडं मात्र आडवी झालेली असतात. लोक म्हणतात, "पाऊस नाही तर एवढं नुकसान कसं?" पाऊस जमिनीपर्यंत पोचला नाही, म्हणूनच वाऱ्याला एवढा जोर आला.

२८ मे २०२३ ला उज्जैनच्या महाकाल लोकमधल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा मूर्ती अशाच वादळी वाऱ्यात पडल्या. मूर्ती फायबरच्या होत्या. मग वारा किती होता आणि काम किती भक्कम होतं, यावर राजकारण तापलं. अशा वेळी त्याच परिसरातला मोजलेला आकडा आणि मिनिटासकट वेळ हाताशी असेल तर निम्मा वाद तिथेच संपतो.

नोंदी ठेवण्याची सवय उज्जैनला नवीन नाही. सवाई जयसिंगांची तिथली जुनी वेधशाळा १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. ताऱ्यांच्या त्या जागेवरून तापमान आणि पावसाचे आकडेही मिळतात, माळव्यातल्या वर्तमानपत्रांतून ते छापून येतात.

छंद सुरू करायला फार खर्च नाही. पर्जन्यमापक उघड्या जागी हवा, भिंतीच्या आडोशाला नको. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तिथेच संपतो. वेळ बदलली की तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशी जुळत नाही. आमच्या कॉमर्सच्या भाषेत, दुसऱ्याच तारखेचा ताळेबंद. २०२० च्या ऑगस्टमध्ये इंदूरला २४ तासांत दहा इंचांहून अधिक पाऊस झाला, १९८१ चा विक्रम मोडला. पण हा आकडा एका केंद्राचा. राजवाड्याला किती पडला आणि विजयनगरला किती, हे घराघरांतल्या मापकांशिवाय कळायचं नाही.

गारेचा फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा. "लिंबाएवढी" म्हटलं तर कुणाचं लिंबू, हा प्रश्न उरतोच. वाऱ्याचा वेग अंदाजाने लिहू नका. फांदी मोडली, पत्रा उडाला, खांब वाकला, असं दिसलं तसं लिहा. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर सामान्य नागरिकालाही पाऊस, गारा, वीज, वारा यांची नोंद भरता येते. तिथे भरलेली एक ओळ दहा ठिकाणी फिरवलेल्या व्हिडिओपेक्षा कामाची. अमेरिकेत हवामान खातं अशा स्वयंसेवकांना रीतसर शिकवतं, त्यांची संख्या लाखांत आहे. आपल्याकडे तसं शिक्षण नाही, आणि ते असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र नोंद करणं आणि भाकीत करणं यात फरक आहे. "उद्या नक्की गारपीट" असं चार गावांत पसरवून कुणी घाईने कच्चा माल काढला, तर ते नुकसान कोण भरणार?

आता जिवाचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, त्यातली ४९६ एकट्या मध्य प्रदेशात. इतकी दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाहीत. गच्ची ही ढग बघायला सर्वांत चांगली आणि विजेत थांबायला सर्वांत वाईट जागा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. तीसच्या आत आलं की खाली उतरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. दामिनी ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं, ते चालू ठेवा. झाडाखाली थांबून व्हिडिओ काढणाऱ्यांना काय सांगावं!

सीमेवरच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. बुऱ्हाणपूरचा इशारा भोपाळ केंद्राकडून येतो, ते नागपूरच्या प्रादेशिक केंद्राखाली. शेजारच्या रावेर-यावलचा इशारा मुंबईकडून. ढग एकच, कार्यालयं दोन. आणि मधल्या पट्ट्यात केळी उभी. केळीचं खोड पाण्याने भरलेलं, वर घडाचं ओझं. एका झोतात बाग झोपते. पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. फळपिकांच्या हवामान आधारित विम्याचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या पावतीवर बघून घ्या. दोन्हीकडे वेळ आणि जागा विचारली जाते. तुमच्या वहीतली "४ वाजून १० मिनिटं, वायव्येकडून, गारा सात मिनिटं" ही ओळ विमा कंपनी पुरावा मानेलच असं नाही, पण अर्जात तारीख-वेळ बिनचूक भरायला तीच उपयोगी पडते. नोंद केल्यावर ती नदीपलीकडच्या ओळखीच्या माणसालाही लगेच फोन करून सांगा. वादळ त्याच्याकडे निघालेलं असेल तर त्याला अर्धा तास मिळतो, तेवढ्यात गुरं आत बांधून होतात.