पिकवणाऱ्यांचं ताट

सस्कॅचवानमध्ये मसूर जुलैत फुलतो. आपल्याकडे हे रब्बीचं पीक, दिवाळीच्या आसपास पेरायचं आणि थंडीच्या ओलाव्यावर वाढवायचं. कॅनडाच्या या गवताळ प्रांतात मात्र हिवाळ्यात उणे चाळीसपर्यंत पारा उतरतो, जमीन दगडासारखी गोठते आणि शेतकऱ्याच्या हाती दहिवराविना मिळतात जेमतेम शंभर ते एकशेवीस दिवस. मे महिन्यात पेरायचं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काढून मोकळं व्हायचं. प्रांताचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, वस्ती सुमारे १२ लाख, आणि एकेका शेताची सरासरी १७०० एकरांच्या वर. मसूरच अलीकडच्या वर्षांत ३५ ते ४० लाख एकरांवर असतो. कॅनडा हा जगातला सर्वांत मोठा मसूर निर्यातदार, आणि कॅनडाचा जवळपास सगळा मसूर या एका प्रांतातला. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यावरचा अख्खा मसूर किंवा आपल्या घरातली मसुराची आमटी, यातले काही दाणे तिथल्या मातीतले असणं अगदी शक्य आहे.

हे सगळं पिकवणाऱ्या घरांमध्ये मात्र बरीच वर्षं मसूर शिजतच नव्हता. तो बाहेर पाठवायचा माल होता. मला या प्रांताच्या खाद्यजीवनात सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट: जगाला पोसणाऱ्या या लोकांना स्वतःच्या जमिनीचं अन्न स्वतःच्या ताटात आणायला फार वेळ लागला, आणि ते आणण्यासाठी अनेकांनी मनापासून खटपट केली.

मसूर तिथे पोचला तो गव्हाच्या संकटातून. १९६०च्या दशकाच्या अखेरीला कॅनडाची कोठारं गव्हानं तुडुंब भरली होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. १९७० मध्ये केंद्र सरकारनं शेतकऱ्यांना गहू न पेरण्याबद्दल पैसे दिले, आणि त्या वर्षी गव्हाचं क्षेत्र जवळपास निम्म्यावर आलं. एकाच पिकावर विसंबून राहणं किती महाग पडतं ते सगळ्यांना दिसलं. सस्काटून शहरातल्या विद्यापीठात १९७१ मध्ये पीकविकास केंद्र सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी आल स्लिंकार्ड हे संशोधक तिथे कडधान्यांच्या कामावर रुजू झाले. त्यांनी जगभरचे मसुराचे नमुने त्या मातीत लावून पाहिले. १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे मोठ्या हिरव्या दाण्याचं वाण आलं आणि १९८० मध्ये लहान दाण्याचं ‘एस्टन’. दोन्ही नावं सस्कॅचवानमधल्या गावांची आहेत.

मसूर तिथे टिकला याची कारणं शेतीची जाण असलेल्या वाचकाला लगेच पटतील. त्याला पाणी कमी लागतं. उलट शेवटी जमीन जरा सुकली तरच तो वाढ थांबवून दाणा भरतो, आणि प्रांताच्या दक्षिण भागात उन्हाळा कोरडाच असतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, त्यामुळे पुढच्या गव्हाला बेवड चांगला मिळतो. पूर्वी ओल साठवण्यासाठी तिथले शेतकरी एक वर्षाआड जमीन पड टाकत. त्या उघड्या जमिनीची माती १९३०च्या दुष्काळात वाऱ्यानं उडून गेली होती. पडीच्या जागी कडधान्य आलं आणि नांगरट न करता पेरणी करण्याची पद्धत रुजली, तशी ती जमीन वर्षभर झाकली राहू लागली. तरी खरा जोर आला १९९५ नंतर. त्या वर्षी धान्याच्या रेल्वेभाड्यावरची जुनी सरकारी सवलत बंद झाली. समुद्र हजार मैलांहून दूर. स्वस्त गहू तिथवर नेणं परवडेना. टनाला जास्त भाव देणारं पीक हवं होतं, आणि मसूर, वाटाणा, हरभरा तयारच होते. २००० नंतर प्रांताच्या राजधानीत, रेजायनात, मसूर सोलून डाळ करणारा कारखाना उभा राहिला. तो काढणारे मुराद अल-कातिब हे तुर्की स्थलांतरितांचे, डेव्हिडसन नावाच्या छोट्या गावात वाढलेले चिरंजीव. जिथे मसूर रोज खाल्ला जातो अशा देशांतून आलेल्या घरातल्या माणसाला त्या पिकाची किंमत आधी कळली, याचं मला नवल वाटत नाही.

गव्हातही आपला एक धागा आहे. सस्कॅचवानला ‘ब्रेडची टोपली’ करणारं वाण म्हणजे ‘मार्क्विस’. १८९२ मध्ये ‘रेड फाइफ’ आणि ‘हार्ड रेड कलकत्ता’ यांचा संकर झाला. दुसरं नाव सांगतं त्याप्रमाणे ते बियाणं हिंदुस्थानातून गेलेलं. संशोधक चार्ल्स साँडर्स यांनी १९०४ पासून त्यातून निवड सुरू केली. लोंब्यांतले दाणे ते चावून पाहत, तोंडात चिकट गोळा किती होतो यावरून पिठाची प्रत ठरवत. मार्क्विस रेड फाइफपेक्षा आठवडाभर तरी आधी पिकत असे, आणि त्या आठवड्यावरच पहिल्या दहिवरापासूनचा बचाव अवलंबून होता. १९११ मध्ये रॉस्थर्नच्या सीगर व्हीलर या शेतकऱ्यानं हाच गहू न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात जगातला सर्वोत्तम ठरवून घेतला.

पण ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. क्री, सोतो, डकोटा आणि मेटी लोक इथे बायसनवर जगत होते. मांस वाळवायचं, कुटायचं, त्यात वितळलेली चरबी आणि वाळलेली सस्काटून फळं कालवायची, झालं पेमिकन. ते वर्षानुवर्षं टिके, आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला फरचा व्यापार त्याच्या बळावर चाले. १८१४ मध्ये त्याच्या निर्यातीवर बंदी आली तेव्हा त्यावरून रक्तपात झाला. जांभळट, बोराहून लहान अशी ही सस्काटून फळं सफरचंदाच्या कुळातली. शहराचं नावही त्यांच्यावरूनच पडलं.

१८८०च्या सुमारास बायसन संपले आणि उपासमार आली. १८७६ मध्ये क्री आणि इतर लोकांशी सरकारनं केलेल्या सहाव्या करारात अवजारं, बियाणं, जनावरं देण्याचं वचन होतं. जेम्स डॅशुक या इतिहासकारानं २०१३ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं आहे की, त्या काळात शिधा रोखून धरून लोकांना राखीव वस्त्यांत ढकललं गेलं. त्या वस्त्यांमध्ये अनेकांनी शेती उत्तम जमवली होती. मग १८८९ मध्ये सरकारनं फर्मान काढलं की त्यांनी यंत्रं वापरू नयेत, हातानं चालवायच्या अवजारांनीच शेती करावी. आणि धान्य विकायचं तर अधिकाऱ्याचा परवाना लागे. शेजारी गोऱ्या वसाहतवाल्याच्या शेतात कापणी-बांधणीचं यंत्र चालत असताना वस्तीतल्या शेतकऱ्याला विळ्यानं कापावं लागे. प्रेअरीच्या, म्हणजे या गवताळ प्रदेशाच्या, अन्नाचा इतिहास सांगताना हे पान गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

आज सस्काटूनच्या उत्तरेला वानुस्केविन हे वारसास्थळ आहे. ते १९९२ मध्ये खुलं झालं. ६००० वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा तिथे सापडल्या आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे बायसनचा छोटा कळप परत आणला गेला आणि पुढच्या वसंतात वासरं जन्मली. २०२० मध्ये बायसन लोळतात त्या जागची माती उडाली, तेव्हा कोरीव खुणा असलेला एक दगड उघडा पडला. पाठोपाठ आणखी तीन सापडले. तिथल्या उपाहारगृहात बायसनचं मांस, बॅनक नावाची जाड भाकरी आणि सस्काटून फळांचे पदार्थ मिळतात.

स्थलांतरितांची स्वयंपाकघरं हा पुढचा थर. दहा डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळे. अट अशी की तिथे घर बांधून राहायचं आणि ती नांगराखाली आणायची. १८९१ ते १९१४ या काळात सुमारे १ लाख ७० हजार युक्रेनी लोक कॅनडात आले, त्यांतले बहुतेक प्रेअरीवर. सोबत लसूण, खसखस, शेपू, कोबी यांचं बियाणं होतं. पहिल्या हिवाळ्यात घर जमिनीत खणलेलं, पण मातीची भट्टी पेटलेली. बटाटा-चीजचं सारण भरलेल्या पिरोगी, कोबीच्या पानात भात गुंडाळलेल्या होलुप्ची आणि बीटचं बोर्श हे आज साऱ्या प्रांताचं जेवण आहे. ६ जानेवारीच्या संध्याकाळी, जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळाच्या आदल्या रात्री, अनेक घरांत बारा बिनमांसाचे पदार्थ मांडतात. पहिला मान कुत्याचा: उकडलेला गहू, मध आणि खसखस. आपली गव्हाची खीर खाणाऱ्याला तो पहिल्याच घासात ओळखीचा वाटेल.

१८९९ मध्ये रशियातून सुमारे साडेसात हजार डुखोबोर आले. शस्त्र धरायला नकार दिला म्हणून त्यांचा छळ झाला होता. त्यांच्या प्रवासखर्चासाठी टॉलस्टॉय यांनी आपल्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीचं उत्पन्न दिलं. ही माणसं शाकाहारी, मांसाहारी प्रदेशात आपल्या भाज्या, पाव आणि बोर्श टिकवून राहिलेली. सस्काटूनच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांच्या मंडळींचा ताजा भाजलेला पाव घेण्यासाठी आजही लोक थांबतात.

फळांची कहाणी तुलनेनं नवी. रानातली सस्काटून फळं सोडली, तर उणे चाळीसला जगेल असं गोड फळझाड तिथे जवळपास नव्हतंच. रोपसंशोधक लेस केर यांनी १९४०च्या दशकात मंगोलियन चेरीचा संकर सुरू केला, विद्यापीठानं काम पुढे नेलं, आणि १९९९ मध्ये ‘कार्माइन ज्युएल’ ही झुडुपावर येणारी आंबटगोड चेरी आली. त्यानंतर तिथले संशोधक बॉब बॉर्स यांच्या प्रयत्नांतून निळ्या लांबट हॅस्कॅपची वाणं आली. त्यांची फुलं उणे सातलाही करपत नाहीत. छोट्या शेतकऱ्यांनी हे पीक उचललं. जुलैत शहरातली कुटुंबं स्वतः मळ्यात जाऊन बादलीभर फळं तोडून आणतात.

सस्काटूनचा शेतकरी बाजार १९७५ पासून आहे. अॅमी जो एमन यांनी आपल्या प्रांतातलंच अन्न खाण्याचा निश्चय करून त्यावर २०१० मध्ये ‘प्रेअरी फीस्ट’ हे पुस्तक लिहिलं. ‘टॉप शेफ कॅनडा’चे पहिले विजेते डेल मॅके यांनी मोठ्या शहरांऐवजी आपल्या गावी, सस्काटूनला परत येऊन २०१३ मध्ये उपाहारगृह उघडलं. अशा माणसांमुळे तिथल्या मुलांना आपल्या शेतातल्या मालाची चव कळू लागली. मसुराचंही तसंच. मायकेल स्मिथ या शेफला घेऊन कडधान्य उत्पादकांनी प्रचार केला, आणि सूप, बर्गर, अगदी केकमध्येही मसूर घालायला लोक शिकले.

दूरच्या बाजारावर उभं राहण्याची किंमत त्यांना ठाऊक आहे. २०२१ च्या दुष्काळात मोहरी जळाली आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या दुकानांतून डिजों मस्टर्ड गायब झालं, कारण त्यासाठीचं बी मुख्यतः इथूनच जातं. २०१७ मधला धक्का आपल्याशी जोडलेला आहे. भारतात कडधान्यांचं विक्रमी उत्पादन झालं, भाव कोसळले, आणि महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर बारदानाविना तुरीचे ढीग पडून राहिले. नोव्हेंबरात भारतानं वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के. आपल्या शेतकऱ्याची बाजू रास्त होती. सस्कॅचवानच्या शेतकऱ्याची मात्र पेरणीची सारी गणितं चुकली. दोघांनाही पेरताना काढणीचा भाव माहीत नव्हता. त्यात आता मुळं कुजवणारा ‘अफॅनोमायसिस’ रोग आला आहे. २०१२ मध्ये तो प्रांतात सापडला. एकदा जमिनीत शिरला की त्याच शेतात मसूर-वाटाण्यामध्ये सहा ते आठ वर्षांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणून त्याला फारशी दाद न देणाऱ्या हरभऱ्याकडे काहींची नजर वळते आहे.

हे सगळे थर एकत्र पाहायचे तर शरद ऋतूत जावं. काढणी आटोपली की सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत गावोगावी ‘फाउल सपर’ नावाची गावजेवणं होतात. गावच्या सभागृहात किंवा चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडतात. घराघरांतून येतं भाजलेलं टर्की, कुस्करलेला बटाटा, पिरोगी, होलुप्ची, लोणची, आणि सस्काटून फळांचे नि भोपळ्याचे ‘पाय’ नावाचे गोड भाजलेले पदार्थ. तिकीट घ्यायचं, जागा मिळेल तिथे बसायचं. जमलेल्या पैशातून गावाचं सभागृह किंवा स्केटिंगचं मैदान चालतं. रेजायना-सस्काटूनमधल्या मराठी कुटुंबांनी या पंगतीला एकदा तरी जावं. शाकाहारी असाल तर वाढणाऱ्या बाईंना आधी विचारा: होलुप्चीत कधी खिमा असतो, पिरोगींवर कधी बेकन भुरभुरवतात, ग्रेव्ही तर टर्कीचीच. बटाट्याच्या साध्या पिरोगी परतलेला कांदा आणि आंबट साय घालून मागितल्या, तर त्या आनंदानं देतात, आणि ‘पाय’ संपायच्या आत बाजूला काढून ठेवायला सांगितलेलंही चालतं.