विश्लेषण : शेतात टाकलेले स्फुरद जाते कुठे?

डीएपीची गोणी शेतात पडते, तेव्हा त्यातील साधारण १५ ते २० टक्केच स्फुरद पहिल्या हंगामात पिकाला मिळते. उरलेले बहुतांश जमिनीत अडकून राहते. पिकाला हवे असताना ते सुटत नाही. जोराच्या पावसात मात्र मातीबरोबर ओढ्यात आणि तिथून तलावात जाते. शेतकऱ्याचा पैसा आणि प्यायचे पाणी अशा दोन्हींचे नुकसान करणारी ही प्रक्रिया नेमकी कशी घडते?

माती स्फुरद कसे धरून ठेवते?

नत्राचा नायट्रेट हा प्रकार पाण्याबरोबर सहज झिरपतो. स्फुरदाचे तसे नाही. कॅल्शियम, लोह किंवा ॲल्युमिनियम भेटले की ते त्यांच्याशी जखडले जाते. मराठवाडा, विदर्भातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हे काम कॅल्शियम करते, तर कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम. सामू ६ ते ७.५ असलेल्या जमिनीत स्फुरद पिकाला त्यातल्या त्यात सहज मिळते. म्हणूनच जमिनीत एकूण साठा भरपूर असूनही पीक उपाशी राहू शकते.

हा साठा अमर्याद असतो का?

नाही. मातीच्या कणांवर स्फुरद धरणाऱ्या जागा मर्यादित असतात. एसटीतली बाके भरली की पुढचे प्रवासी उभे राहतात आणि पटकन उतरतात, तसेच इथे होते. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त खत पडले, की नवे स्फुरद सैल राहते आणि पाण्यात विरघळू लागते. म्हणजे गळतीचे मार्ग दोन : धुपून जाणाऱ्या मातीच्या कणांना चिकटून आणि थेट पाण्यात विरघळून. पहिला डोळ्यांना गढूळ पाण्यात दिसतो, दुसरा दिसत नाही.

थोड्याशा स्फुरदाने पाणी बिघडते?

गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेकदा स्फुरदाच्या तुटवड्यामुळे रोखलेली असते. लिटरमागे ०.०२ ते ०.०३ मिलिग्रॅम स्फुरदही ती वाढवायला पुरू शकते. हिशेब पाहा : डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत सुमारे १० किलो मूलद्रव्यरूपी स्फुरद असते. ते सगळे पाण्यात गेले, तर ५० कोटी लिटर पाणी ०.०२ मिलिग्रॅमच्या पातळीला पोहोचेल.

कॅनडात १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने एक तलाव पडद्याने दुभागला. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र, पण एकातच स्फुरद टाकले. तोच भाग हिरवागार झाला.

टोलेडोत काय घडले?

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहर परिसरातील सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. इरी सरोवरातील नील-हरित शेवाळाचे विष पाण्यात उतरले होते; ते उकळूनही जात नाही. या शेवाळाला पोसणारे स्फुरद प्रामुख्याने मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांतून येते. तिथे नांगरट कमी करून धूप आटोक्यात आणण्याचे प्रयत्न झाले होते. पण वर फेकलेले खत मातीच्या वरच्याच थरात साचले आणि विरघळलेले स्फुरद जमिनीखालच्या निचरा पाइपांतून नदीत जात राहिले. नुसती माती अडवणे पुरेसे नाही, हा त्यातला धडा.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्या तलावांत शहरांच्या सांडपाण्यातूनही स्फुरद मोठ्या प्रमाणात येते, त्यामुळे दोष एकट्या शेतीचा नाही. तरी शेतातली गळती रोखण्यात शेतकऱ्याचाच फायदा आहे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत उपलब्ध स्फुरदाचे प्रमाण दिलेले असते. ते जास्त असेल तर मात्रा कमी करता येते. स्फुरद मातीत फार सरकत नाही, म्हणून खत फेकण्याऐवजी पेरणीवेळी बियाण्याच्या जवळ, पण बियाण्याला न चिकटता पेरून द्यावे. शेणखत आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू (पीएसबी) अडकलेला साठा काही प्रमाणात मोकळा करतात. उतारावर बांध आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा ठेवला, तर माती शेतातच राहते. आणि मोठ्या पावसाचा अंदाज असेल, तर खताची गोणी दोन दिवस उशिरा फोडलेली बरी.