लाल पाकीट, निळं पाकीट आणि सहा लाख मुलं

शाळेतला प्रयोग म्हटला की उत्तर आधीच पुस्तकात छापलेलं असतं. म्हणूनच ब्रिटनमधला हा प्रयोग मला फार आवडतो. त्याचं उत्तर शिक्षकांनाही माहीत नव्हतं!

सप्टेंबर २०१५ मध्ये 'रॉकेट' नावाच्या पालेभाजीचं दोन किलो बी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेलं. (नाव ऐकून हसू नका, हा आपल्याकडे तारामिरा म्हणतात तोच मोहरीचा भाऊबंद.) सहा महिने तिथे राहून ते मार्च २०१६ मध्ये परतलं. मग हजारो शाळांना दोन-दोन पाकिटं मिळाली, एक लाल, एक निळं. एकात अंतराळातून आलेलं बी, दुसऱ्यात पृथ्वीवरच राहिलेलं. कुठल्या पाकिटात कुठलं, हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर नकळत 'अंतराळवाल्या' रोपांचे जास्त लाड झाले असते ना!

सुमारे सहा लाख मुलांनी बी पेरलं, किती रुजलं ते मोजलं, उंची, पानं नोंदवली. एका वर्गात चार रोपं सुकली तर तो योगायोग असू शकतो. हजारो वर्गांत तोच कल दिसला, तर त्याला वजन येतं. इथे कल दिसला: अंतराळातलं बी रुजलं, पण त्याची वाढ थोडी मंद होती.

घरी करायचंय? शंभर मेथीदाणे ताजे, शंभर जुने. ओलं फडकं, दोन सारख्या ताटल्या. ताटल्यांवर 'अ', 'ब' अशा चिठ्ठ्या मात्र दुसऱ्या कुणाला तरी लावायला सांगा, म्हणजे कुठल्या ताटलीत कुठले दाणे हे तुम्हाला कळणार नाही.