पाणी 'खोटं' का दिसतं?

पावसाळ्यात इन्स्टावर दोन प्रकारचे फोटो पडतात. एक, धबधब्याखाली भिजत काढलेले. दुसरे, पनवेलच्या घरात पंख्याखाली बसून फोटोशॉपमध्ये पाण्यात उभे केलेले. दुसऱ्या प्रकाराला नावं ठेवू नका. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात जायला बंदी असते ती उगाच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या होत्या. त्यापेक्षा घरबसल्या पाणी तयार केलेलं काय वाईट? अडचण एकच. ते पाणी, पाणी वाटत नाही.

कारण सगळ्यांची रेसिपी सारखीच असते. फोटोची कॉपी घ्या, उलटी करा, खाली चिकटवा, ओपॅसिटी निम्मी करा, वरून रिपल फिल्टर मारा. झालं! फोटो पत्त्यातल्या राजासारखा दिसतो, वर एक तोंड आणि खाली तेच.

खरं पाणी असं वागत नाही. पटत नसेल तर संध्याकाळी वारा पडल्यावर वडाळे तलावाच्या काठावर जा. पलीकडच्या काठाकडे आधी उभं राहून बघा, मग खाली बसून बघा. प्रतिबिंब बदलतं. तुमचा डोळा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली ठेवून वर पाहिलं तर जे दिसेल, ते पाणी दाखवतं. म्हणून इमारतीच्या छज्जाची खालची बाजू तुम्हाला दिसते त्यापेक्षा पाण्यात जास्त दिसते. आणि मागचा डोंगर समोर जेवढा उंच दिसतो त्यापेक्षा प्रतिबिंबात बुटका होतो, कधी कधी तर काठावरच्या झाडांआड गायबच. एडिट करताना त्यामुळे अख्खा फोटो एकदम उलटवायचा नाही. डोंगर एका लेयरवर, काठावरची झाडं आणि इमारती दुसऱ्यावर. दोन्ही वेगवेगळे उलटे करा आणि डोंगराचा उलटा लेयर थोडा वर, काठाकडे सरकवून झाडांच्या मागे ढकला. एवढ्या एका बदलाने फोटो निम्मा सुधारतो.

मग येते ओपॅसिटी. ती सगळीकडे सारखी ठेवली की पाण्याची काच होते. पायाशी सरळ खाली पाहिलं तर पाण्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम २ टक्के परत फिरतो, बाकीचा आत जातो. म्हणून स्वच्छ पाण्यात तळ दिसतो. लांबवर तिरकी नजर टाकली तर जवळपास सगळा उजेड परत येतो आणि पाण्याचा आरसा होतो. तेव्हा प्रतिबिंबाच्या लेयरवर ग्रेडियंट मास्क टाका: लांब ठळक, जवळ पुसट. पुसट भागात काय दिसेल ते पाण्यावर ठरतं. जुलैतली गाढी नदी असेल तर तिथे निळा रंग नको, चहासारखा गढूळ तपकिरी हवा. पुराच्या पाण्याला निळं करणारे लोक मला कधी समजलेले नाहीत.

लाटांचं गणित थोडं किचकट आहे, पण मजा तिथेच आहे. रिपल फिल्टर सगळीकडे एकाच मापाच्या लाटा काढतो. प्रत्यक्षात जवळच्या लाटा मोठ्या आणि लांबच्या दाबून बारीक झालेल्या दिसतात. यावर उपाय म्हणजे डिस्प्लेसमेंट मॅप, म्हणजे करड्या छटांचं एक चित्र. मधला करडा रंग असेल तिथे पिक्सेल जागेवर राहतो, गडद असेल तर एका बाजूला सरकतो, फिका असेल तर दुसऱ्या. नॉइज टाकून ब्लर करा, मग पर्स्पेक्टिव्हने खालची कड खेचून रुंद करा. हे चित्र पीएसडी म्हणून सेव्ह करून डिस्टॉर्टमधल्या डिस्प्लेसला द्या. फोटोशॉप परवडत नसेल तर फुकटच्या गिंपमध्येही डिस्प्लेस आहे. रात्रीचा फोटो असेल तर दिव्यांचं प्रतिबिंब उभं ताणायला विसरू नका. हलत्या पाण्यात दिव्याचा ठिपका राहत नाही, लांब रेघ होते.

माणूस पाण्यात उभा करायचा असेल तर पोटऱ्यांभोवती वलयं हवीत आणि पाण्याच्या रेषेवरचा कपडा ओला, म्हणजे गडद हवा. नाहीतर तो स्टिकर वाटतो.

'एआय एका क्लिकमध्ये करतं की' असं कुणीतरी म्हणणारच. करतं, आणि देखणंही करतं. पण त्याने काढलेलं प्रतिबिंब बरोबर आहे का, हे तुम्हालाच कळावं लागतं. गंमत म्हणजे फोटोशॉपचा सिनेमातला पहिला गाजलेला वापरही पाण्यासाठीच झाला. 'द ॲबिस' (१९८९) मध्ये पाण्याचा एक प्राणी आहे. त्याच्या अंगात आजूबाजूची खोली दिसावी म्हणून सेटचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि फोटोशॉपच्या दोन निर्मात्या भावांपैकी जॉन नॉल याने हे सॉफ्टवेअर त्या कामाला लावलं. तेव्हा ते बाजारातही आलं नव्हतं. पहिली आवृत्ती १९९० ची.

हे शिकण्याचा अजून एक उपयोग जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. २०११ मध्ये प्वेर्तो रिकोच्या रस्त्यावर पुराच्या पाण्यात शार्क पोहत असल्याचा फोटो जगभर फिरला. तो शार्क दक्षिण आफ्रिकेतल्या एका जुन्या फोटोतून कापून आणलेला होता. २०१७ मध्ये तोच फोटो ह्यूस्टनच्या नावाने पुन्हा फिरला आणि पुन्हा लोकांनी खरा मानला. आपल्याकडे अशी एक इमेज पाच मिनिटांत सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पोहोचते. कुणी घाबरून घर सोडतं, आणि दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा खरा पूर येतो तेव्हा जागचा हलत नाही.

म्हणून 'स्टेशन पाण्याखाली'छाप फोटो आला की आधी झूम करा. खांब आणि गाड्या जिथे पाण्याला टेकतात तिथे बघा. पाण्याची पातळी सगळीकडे एकाच उंचीला आहे का? लांबच्या लाटा बारीक होतात का? उभ्या पाण्यात खांबाचं प्रतिबिंब खांबाच्या बरोबर खाली आहे का? वारा असेल किंवा पाणी खवळलेलं असेल तर प्रतिबिंब नसूही शकतं. त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नका, त्या भागातल्या मित्राला सरळ फोन लावा.